जा रं, पाला आण

आम्हा राजूरकरांची निम्मी औषधं शेताच्या बांधावरच असायची. कुणाला कापलं, कुणाला सुजलं, कुणाच्या अंगाला खाज सुटली, की घरातून हुकूम सुटायचा : "जा रं, पाला आण." कसला, ते विचारायचं नसे.

विळा लागला की दगडीपाला. खरबरीत पानं तळहातावर चोळून हिरवा रस जखमेत पिळला की डोळ्यांतून पाणी यायचं. आजी चिंधी बांधायची आणि लगेच कामाला लावायची. मुरगळलं, जा रं, पाला आण : निर्गुडी, तव्यावर शेकलेली. खोकल्याला अडुळसा. खरजेला कडुनिंबाचं उकळतं पाणी विसणून आंघोळ. डांगी बैलाच्या जखमेत किडे पडले तर सीताफळीचा पाला ठेचून. कणगीतल्या धान्यालासुद्धा निंबाचा पाला.

पण खरी मजा भाताच्या आवणीत. दिवसदिवस चिखलात उभं राहून पायांच्या बेचक्या पांढऱ्या पडायच्या, सोलायच्या, रात्री आग व्हायची. या चिखल्यांवर परसातली मेंदी. पाला पाट्यावर वाटायचा, बोटांच्या बेचक्यांत भरायचा, वर फडकं. सकाळी बोटं लालभडक. आखाडात राजूरच्या बाजारात भले मिशीवाले बाप्ये नवरीसारखे पाय घेऊन हिंडायचे आणि कुणी कुणाला हसायचं नाही, कारण प्रत्येकाचेच लाल.

पुढं पोरं कॉलेजात गेली. तिथं काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यात पाल्याचा अर्क सोडायचा. अर्काभोवती जंतूंची वाढ खुंटलेलं स्वच्छ वर्तुळ उमटलं की अर्क कामाचा. मेंदीत लॉसोन नावाचं द्रव्य असतं. कातडीला रंग देतं तेच, आणि बुरशीची वाढ रोखतं तेही तेच. म्हणजे त्या बाप्यांच्या पायांवर दिसायचं ते औषधच होतं.

सगळंच पाल्यावर भागायचं, असं मात्र कुणी सांगू नये. खिळा रुतला तर धनुर्वाताचं इंजेक्शनच लागायचं, साप चावला तर दवाखानाच गाठावा लागायचा. पाल्याच्या भरवशावर उशीर केलेली घरंही आम्हाला ठाऊक आहेत.

आता परसात फरशी आली, मेंदीचं झुडूप गेलं. चिखल्या तेवढ्या राहिल्या. परवा एका सुनेनं लग्नातला उरलेला काळ्या मेंदीचा कोन सासऱ्याच्या पायाला लावायला काढला होता. तसलं काही करू नका. त्या काळ्या रंगात बहुधा केस रंगवायचं रसायन असतं, त्यानं कातडीवर फोड येतात. त्यापेक्षा मलमाची नळी बरी.