भाकरीच्या घरातला दुष्काळ

भिगवण, 9 जानेवारी

प्रिय आई,
प्रभूमध्ये सलाम.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. दौंडला गाडी बदलावी लागली, पण बसायला जागा मिळाली. मावशी स्टेशनवर आली होती. माझ्या हातातली पिशवी घेता घेताच तिनं विचारलं, "ताई नाताळला देवळात गेली का?" मी खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्री जेवणाआधी प्रार्थना करताना मात्र तिनं तुझं नाव घेतलं आणि मग बराच वेळ तिला पुढचा शब्दच सापडेना.

आज पहाटे मावशीच्या ओळखीच्या एका होडीवाल्याबरोबर उजनीच्या पाण्यात गेले. सगळीकडे धुकं होतं. वल्ह्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. उजाडलं तशी समोर रोहित पक्ष्यांची लांब रांग दिसू लागली. इथले लोक त्यांना फ्लेमिंगोच म्हणतात. उथळ पाण्यात उभे राहून, मान खाली घालून, चोच उलटी करून ते गाळातून आपलं अन्न गाळून घेतात. त्यांच्या पंखांवरची लाली त्याच अन्नातून येते. पिल्लं जन्मतात ती राखाडीच. पप्पा असते तर त्यांनी हे शाळेतल्या मुलांना रंगवून सांगितलं असतं.

होडीवाल्याचं मूळ गाव आपल्या होडीच्या खालीच कुठंतरी होतं. 1980 साली धरण पुरं झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं देऊळही बुडालं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की ते पुन्हा वर दिसतं. मी त्याला म्हटलं, "पण ह्या पाण्यानं केवढं दिलंय!" ऊस, मासळी बाजार, लांबून येणारे पाहुणे, सगळं मी मोजून दाखवलं. तो वल्हं मारायचा थांबला. म्हणाला, "पाणी गोड आहे, ताई. ह्याच पाण्यावर माझी पोरं शिकली. पण आजीचं जातं खाली आहे."

आई, पप्पांच्या मातीला आलेले लोक तुला सांगत होते, ह्यातही देवाची काहीतरी योजना असेल. मीही तसंच म्हटलं होतं. तू भिंतीकडे तोंड करून बसलीस. आज होडीत मला कळलं, की तुझं जातं खाली गेलं होतं आणि आम्ही तुला पाण्याचे फायदे सांगत होतो. मला माफ कर.

तुझी,
बेबी


भिगवण, 11 जानेवारी

प्रिय आई,
सलाम.

काल केडगावला जाऊन आले. ह्याच रेल्वेमार्गावर, दौंड आणि पाटस मागे टाकलं की केडगाव येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायचं पप्पांच्या मनात किती वर्षं होतं, तुला ठाऊकच आहे.

रमाबाईंना आपण लहानपणापासून तसबिरीत पाहतो. पांढरं लुगडं, आखूड केस, शांत डोळे. त्या शांतपणाच्या मागे काय होतं ते काल सावकाश आठवत गेले. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण, तिघंही गेली. उरलेल्या भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. कोलकात्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हणून गौरवलं, आणि 1880 मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं. 1882 मध्ये पटकीनं पती गेले. पदरात तान्ही मनोरमा आणि वय अवघं तेवीस-चोवीस.

पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. पण बाप्तिस्मा झाला म्हणून दुःखं थांबली नाहीत. 1889 मध्ये विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, तर पुढे त्यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं सुकलेल्या, कुणीही पळवून न्यावं अशा बेवारस मुलींना गोळा करून घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. 1900 च्या सुमारास तिथे सुमारे दीड हजार माणसं राहत होती. मुली शेती करत, विणत, छापखाना चालवत. अंध मुली ब्रेल शिकत.

मी तिथल्या झाडाखाली बराच वेळ बसून होते. त्या दीड हजारांनी रमाबाईंची आई परत आणली नाही. उपाशीपोटी चाललेली ती वाट त्यांच्या मनातून पुसलीही गेली नसेल. पण दुष्काळात सापडलेली मुलगी कशी दिसते, कशी गप्प बसते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मला वाटतं, आशीर्वाद म्हणतात तो हाच असावा. गेलेल्याची भरपाई होत नाही, पण आपल्या जखमेमुळे दुसऱ्याची जखम ओळखू येते, आणि तिच्यापासून पळून न जाण्याचं बळ प्रभू देतो.

शेवटची वर्षं त्यांनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशी सोपी भाषा हवी, हा त्यांचा हट्ट. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरी काम हातातून सुटलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या आणि ते शास्त्र 1924 मध्ये छापून बाहेर आलं. एकुलती लेक पुरल्यावर ही बाई रोज पहाटे कुणाशी काय बोलत असेल? मला तुझी फार आठवण आली.

तुझी,
बेबी


भिगवण, 13 जानेवारी

प्रिय आई,
सलाम.

हे पत्र पोचण्याआधी कदाचित मीच पोचेन. तरी लिहिते, कारण समोर बसून हे मला बोलता येणार नाही.

काल मावशीच्या घरी प्रार्थनासभा होती. चार घरची माणसं, एक पेटी, एक खंजिरी. मावशीनं मला वाचायला सांगितलं. मी रूथचं पुस्तक काढलं. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, हे पप्पा नेहमी सांगायचे. त्या भाकरीच्या घरातच दुष्काळ पडतो. नामी परमुलखात जाते, तिथे नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात. ती परत येते तेव्हा गावातल्या बायकांना सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. देवानंच माझ्या वाट्याला हे कडू दिलं, असं ती उघड बोलते.

वाचता वाचता मी थांबले. तिचं हे गाऱ्हाणं शास्त्रातून कुणी खोडलं नाही, आई. देव तिला रागावला नाही, गप्प बस म्हणाला नाही. तिची सून रूथ तेवढी तिच्याजवळ राहिली. आणि त्या दोघी गावात शिरल्या तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती.

सभेत एक ऊसतोडीला आलेली बाई होती. साक्ष द्यायला उभी राहिली, पण दोनच वाक्यं बोलली: "गेल्या साली लेकरू गेलं. तेव्हापासून पालात दुसऱ्या कुणाचं लेकरू रडलं की मीच आधी उठते." एवढं बोलून ती बसली. कुणी 'आमेन' म्हणालं नाही. सगळ्या बायका सरकून तिच्या जवळ बसल्या. केडगावहून आणलेलं सगळं मला तिथे, मावशीच्या ओसरीवर, पुन्हा दिसलं.

म्हणून तुला देवळात चल असा आग्रह मी करणार नाही. गाणं म्हण असंही म्हणणार नाही. तू मारा आहेस तोवर मारा रहा; त्या नावानंही प्रभू तुला ओळखतो. मी जवळ असेन.

आज सकाळी मावशी मला शेजारच्या शेतात घेऊन गेली. शाळू दाण्यात आलाय. आगटी पेटवली, कणसं भाजली, हातावर चोळून दाणे फुंकले, बरोबर लसणाची चटणी. पहिला घास तोंडात घातला आणि पप्पांची आठवण येऊन डोळे भरले. मग रूथ आठवली. शेतात वेचायला गेलेल्या त्या परक्या विधवेला शेताचा मालक बवाज जेवायला बसवतो आणि भाजलेलं धान्य देतो. म्हणजे आपला हुरडाच. ती पोटभर खाते, आणि उरलेलं सासूसाठी राखून ठेवते.

मीही कोवळी कणसं ओल्या फडक्यात बांधून घेतली आहेत. उद्या संध्याकाळी पोचते. मागच्या अंगणात गोवऱ्या रचून ठेव.

तुझी,
बेबी