इंडिया वर, मी खाली!

‘अगं, देश कुठल्या कुठे चाललाय आणि तू अजून एफडीच करत बसलीयेस?’

हा माझ्या रूममेटचा लाडका डायलॉग. ती आयटीत. महिनाअखेरीला पगाराचा एसएमएस येणार म्हणजे येणार! मी फ्रीलान्सर. माझा पगार म्हणजे ‘मॅडम, तुमचं बिल अकाउंट्सकडे गेलंय’ हे वाक्य. त्यामुळे पैसे वाढवायची घाई तिच्यापेक्षा मलाच जास्त. आणि ज्याला घाई जास्त त्यानेच जपून राहायचं असतं, हा साधा फंडा क्लिअर व्हायला मला साठ हजार रुपये मोजावे लागले.

गोष्ट २०२४ ची. ३१ मेच्या शुक्रवारी संध्याकाळी जीडीपीचा आकडा जाहीर झाला. २०२३-२४ साठी चक्क ८.२ टक्के! शनिवारी लोकसभेचे एक्झिट पोल आले, तेही जवळपास एकाच सुरात. ३ जूनच्या सोमवारी मार्केट उघडलं तेच उसळी मारून. सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर जाऊन ७६,४६८ वर बंद झाला. नेमके त्याच वेळी एका ब्रोशरच्या कामाचे साठ हजार माझ्या खात्यात आले होते. खरं तर ते नव्या फ्लॅटच्या डिपॉझिटचे. पण डिपॉझिट भरायचं होतं पंधरा तारखेला. तोवर पैसे नुसते पडून काय करणार?

मी निफ्टीचे २३,५०० चे कॉल ऑप्शन घेतले. सोप्या भाषेत सांगायचं तर, गुरुवारपर्यंत निफ्टी २३,५०० च्या वर जाईल यावर पैज. गेला तर मज्जा, नाही गेला तर भरलेला प्रीमियम गंगार्पण. सोमवारी निफ्टी २३,२६३ वर होता. म्हणजे जेमतेम अडीचशे अंकांचा प्रश्न! रात्री मी मनातल्या मनात नव्या फ्लॅटचे पडदेसुद्धा निवडले.

मंगळवारी मतमोजणी. निकाल अंदाजापेक्षा वेगळा लागायला लागला आणि सेन्सेक्स एका दिवसात ४,३८९ अंकांनी आपटला. ॲपवर सगळं लालेलाल. रूममेट म्हणाली, ‘आता तरी विकून टाक, निदान थोडे तरी परत येतील.’ पण मी कसली ऐकतेय! मार्केट परत वर येणार, याची मला खात्रीच होती.

आणि मंडळी, गंमत म्हणजे ते आलंसुद्धा! बुधवारी सावरलं, गुरुवारी आणखी वर गेलं. पण माझ्या २३,५०० पर्यंत काही पोचलं नाही. गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता माझे साठ हजार शून्य झाले. आणि शुक्रवारी? शुक्रवारी सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला. तोवरचा विक्रम!

म्हणजे बघा, माझा अंदाज बरोबर होता. देश पुढे जातोय, बरोबर. मार्केट सावरणार, बरोबर. चुकली ती फक्त तारीख. ज्यांनी नुसता इंडेक्स फंड ठेवून टीव्ही बंद केला, त्यांचं त्या आठवड्यात काहीच बिघडलं नाही. माझीच दोन हजारांची एसआयपी पाच तारखेला गेली होती. ‘आत्ता कशाला कापली’ म्हणून मी तिच्यावर वैतागले होते. तिने मात्र गुपचूप, सोमवारपेक्षा स्वस्तात युनिट्स घेऊन ठेवली होती.

डिपॉझिटचं काय करायचं? रविवारी साताऱ्याला घरी गेले. बाबांना सांगताना जीव नुसता वरखाली होत होता. बाबा रागावले नाहीत. उठले, कपाटातून एक जुनी फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. जानेवारी २००८ मधल्या एका गाजलेल्या आयपीओच्या अर्जाची झेरॉक्स. मी तेव्हा पाचवीत होते. सेन्सेक्स २१ हजारांच्या वर गेला होता, ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे फॉर्म भरत होते. बाबांनीही भरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेन्सेक्स नऊ हजारांच्या खाली आला.

‘पण बाबा, २०१० च्या दिवाळीत तो परत २१ हजारांवर गेला होता,’ मी माझं ज्ञान पाजळलं.

‘सेन्सेक्स गेला गं. माझा शेअर नाही गेला,’ बाबा म्हणाले. ‘आईला अजून माहीत नाहीये. तू पण सांगू नकोस.’

सोळा वर्षं त्यांनी ती फाइल एकट्याने सांभाळली होती. डिपॉझिटचे पैसे त्यांनी दिले. मी ते सात हप्त्यांत फेडले.

बाबांची चूक एका कंपनीला देश समजण्याची, माझी चूक गुरुवारला भविष्य समजण्याची. आणि मी काही एकटी नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अभ्यास आला. त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते, खर्च धरून माणशी सरासरी सुमारे २ लाख रुपये. आकडा वाचून आधी बरं वाटलं, मग बरं वाटल्याचीच लाज वाटली. पुढे सेबीने नियम कडक केले, एका एक्स्चेंजवर एकाच इंडेक्सची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवली. पण आपल्या घाईवर कुठली सेबी नियम लावणार?

आता मी कुठेही पैसे टाकण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारते, ‘हे पैसे तुला परत कधी लागणार?’ वर्षभरात लागणार असतील तर एफडी, मग रूममेट कितीही हसो. महागाई तिथे थोडं कुरतडते, मान्य. पण भाडं तरी वेळेवर जातं. सात-आठ वर्षं लागणार नसतील तर इंडेक्स फंड. आणि ऑप्शन? तो ऑप्शनच नाही!

परवा पुन्हा तोच डायलॉग आला, ‘बघ, देश कुठल्या कुठे चाललाय!’

म्हटलं, ‘जाऊ दे की! माझी एसआयपी आहे त्याच्या मागे. पण घराचं भाडं मात्र एफडीतच राहणार.’