रक्तातलं ‘नाही’

घोडपदेवहून परळचं टाटा रुग्णालय जवळ. अशा वस्तीत राहताना ‘आता रक्तावरूनच कॅन्सर कळतो’ हे वाक्य मला धोक्याचं वाटतं, कारण ते अर्धंच खरं आहे. मेलॅनोमाचंच उदाहरण घ्या: हा त्वचेच्या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. कर्करोगाच्या पेशी मरताना डीएनएचे तुकडे रक्तात सोडतात आणि त्यांत बीआरएएफ जनुकातला बदल शोधता येतो. तो बदल २००२मध्ये उजेडात आला. प्रथिनाच्या ६००व्या जागी व्हॅलिन जाऊन बहुधा ग्लुटामिक आम्ल येतं आणि पेशीला वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. त्यावरचं वेमुराफेनिब २०११मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. औषध द्यायचं की नाही, ते या बदलावर ठरतं. ‘आहे’ असा अहवाल आला तर तो बहुधा भरवशाचा. पण गाठ लहान असली, किंवा रोग फक्त मेंदूत पसरला असला, तर रक्तात तुकडे हाती लागण्याइतके नसतात. साध्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं की पांढऱ्या पेशी फुटून त्यांचाच डीएनए मिसळतो. शिवाय गोऱ्या लोकांत साधारण निम्म्या मेलॅनोमांत हा बदल असतो. आपल्याकडे हा रोग मुळात कमी, आणि होतो तो बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली. लोक त्याला कुरूप समजतात. या प्रकारात बीआरएएफचा बदल कमी आढळतो, काहींत किट जनुकाचा असतो. म्हणून गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तिचा तुकडा, आधी तपासावा, रक्त नंतर, असं माझं ठाम मत आहे.

मग ही चाचणी हवीच कशाला? गाठ फुप्फुसात खोल असते, ब्लॉक संपलेला असतो, रुग्ण पुन्हा सुई सोसण्याच्या स्थितीत नसतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या परगावच्या माणसासाठी रक्ताची एक नळी हा फार मोठा दिलासा आहे. हे तुकडे काही तासांतच रक्तातून नाहीसे होतात, त्यामुळे औषध लागू पडतंय का, याचा अंदाज कधीकधी स्कॅनच्याही आधी येतो. औषधच परवडत नसेल तर तपासून काय करायचं, असंही विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण बदल नसलेल्या पेशींना ही औषधं उलट वाढायला चालना देऊ शकतात. तपासणीने तो अपाय आणि तो खर्च, दोन्ही टळतात. माझी मागणी एवढीच, की अहवालात ‘नाही’ऐवजी ‘या रक्तात सापडला नाही’ असं मराठीत लिहावं, आणि त्याखाली ब्लॉक तपासून घेण्याची सूचना ठळक अक्षरांत छापावी.