चांदोबातलं कन्नड

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गावर पहिल्या तासाला मी मुलांना एक कोरा कागद काढायला सांगतो. नाव घालायचं नाही. आवडतं पुस्तक, आवडतं गाणं, आवडता सिनेमा किंवा मालिका, आणि ते का आवडतं हे दोन ओळींत लिहायचं, बस्स. समोर मराठीचा मास्तर उभा म्हटल्यावर पहिल्या ओळीत 'श्यामची आई' नाहीतर 'मृत्युंजय' ठरलेलं. वाचलेलं असो वा नसो! यंदा मी आधीच बजावलं, "मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. खरं तेच लिहा."

मुलांनी खरंच खरं लिहिलं. बऱ्याच कागदांवर 'नारुतो' होता. ही जपानी चित्रकथा १९९९ साली सुरू झाली, म्हणजे या मुलांच्या जन्माच्याही आधी. एका कागदावर 'बीटीएस' या कोरियन गायकांच्या चमूचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'गाण्यांचा अर्थ कळावा म्हणून कोरियन अक्षरं शिकले. आता वाचता येतं. घरी माहीत नाही.'

मी हसलो. 'इथं मराठीचे ऱ्हस्वदीर्घ जमत नाहीत आणि म्हणे कोरियन!' हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण 'घरी माहीत नाही' या शब्दांशी अडखळलो आणि गप्प बसलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुमच्या आवडी काय?" मी घसा साफ करून ज्ञानेश्वरी, मर्ढेकर, कुमार गंधर्व अशी नावं घेतली. खोटी नव्हती, पण ती शिक्षकाची यादी होती. मुलांना खरं लिहा म्हणून सांगणारा मी स्वतः मात्र सोयीचं बोलून मोकळा झालो. म्हणून खरी यादी आज इथं देतो.

पहिलं नाव चांदोबाचं. मद्रासहून निघणारं हे मासिक १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं आणि १९५२ पासून मराठीत येऊ लागलं. आमच्या घरी बाबा तो अंक स्टँडवरच्या स्टॉलवरून आणत. शंकर या चित्रकाराने काढलेलं विक्रम-वेताळाचं चित्र तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत आणि स्मशानातून चाललेला राजा.

आमच्या शेजारी एक कन्नड कुटुंब राहत होतं. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. बोलायला माझ्यासारखंच बेळगावी मराठी, पण शाळा कन्नड. त्याच्या घरी हाच चांदोबा कन्नडमध्ये यायचा, 'चंदमामा' या नावाने. १९८७ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी आठ वर्षांचा असताना, आम्ही दोघं कट्ट्यावर दोन अंक शेजारी शेजारी मांडून बसलो आणि मला धक्काच बसला. चित्रं तीच! राजा तोच, प्रेत तेच, झाडही तेच. फक्त आमची अक्षरं दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी रेघेला लटकलेली आणि त्यांची गोल गोल, डोक्यावर छोटा तुरा असलेली. आमच्या गल्लीत त्या लिपीला सगळे चेष्टेनं जिलेबी म्हणायचे.

गोष्ट मला पाठ होतीच. मग चित्राच्या खाली 'राजा' कुठं असेल ते मी शोधू लागलो. सापडला. त्याच्यातला 'रा' दुसऱ्या शब्दात सापडला. आमचा वेताळ त्यांच्याकडे बेताळ होतो हे कळल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. सुट्टी संपेपर्यंत मी चुकतमाकत अख्खी गोष्ट वाचू लागलो होतो. शाळेत कन्नडचा तास सुरू व्हायला अजून अवकाश होता.

हे मी घरी सांगितलं नाही. बाबा प्राथमिक शिक्षक आणि सीमाचळवळीतले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६ साली, कन्नडसक्तीविरुद्ध इथं मोठं आंदोलन झालं होतं, माणसं गोळीबारात गेली होती. आपल्या लेकराला आपल्या भाषेत शिकता यावं, आपल्या भाषेत कागद मिळावा, ही बाबांची मागणी मला तेव्हाही खोटी वाटली नाही आणि आजही वाटत नाही. पण त्या वेळी घरात कन्नड हा शब्द ज्या सुरात उच्चारला जायचा, त्या सुरात माझा बेताळ कुठं बसवायचा हे मला कळत नव्हतं. मी तो कट्ट्यावरच ठेवून घरात यायचो.

यादीतलं दुसरं नाव 'मालगुडी डेज'. १९८७ सालीच दूरदर्शनवर लागली. टीव्ही शेजारच्यांकडे. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, दिग्दर्शक शंकर नाग आणि चित्रीकरण शिवमोग्ग्याजवळच्या आगुंब्याचं. शंकर नाग होन्नावरचा आणि नाटकाची गोडी त्याला मुंबईत मराठी रंगभूमीवर लागलेली, हे मला फार नंतर कळलं. १९९० साली तो अपघातात गेला, तेव्हा दोस्ताची आई दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. आजही कर्नाटकात रिक्षाच्या पाठीवर त्याचं चित्र दिसलं की मला त्यांचं ते स्वयंपाकघर आठवतं.

तिसरं नाव भीमसेन जोशी. इथं मात्र बाबा आणि मी एका बाजूला. गदगकडचा हा माणूस पुण्यात राहिला, तुकोबांचे अभंगही गायला आणि पुरंदरदासांची कन्नड पदंही. कॉलेजात असताना मी त्यांच्या कन्नड पदांची कॅसेट आणली. बाबांनी कव्हर पाहिलं, काही बोलले नाहीत. चार दिवसांनी पहाटे दाढी करताना ते लक्ष्मीला घरी बोलावणारं पद गुणगुणत होते. शब्द सगळे चुकीचे, सूर मात्र पक्का. मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहिलो. जागा आहे असं दाखवलं असतं तर ते थांबले असते.

पुढे २००९ साली घरपट्टीसंबंधी एक नोटीस आली. सगळी कन्नडमध्ये. बाबांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली आणि रागाने टेबलावर टाकली. तो राग रास्तच होता. मी नोटीस उचलली आणि भराभर वाचून मराठीत सांगितली. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"शाळेत तर पस्तीस मार्कांपुरतं शिकलास की. हे कुठनं आलं?"

"चांदोबातनं," मी म्हटलं आणि बावीस वर्षांपूर्वीचा कट्टा त्यांना सांगितला.

मला वाटलं, चिडतील. बराच वेळ ते नोटिशीची घडी घालत बसले. मग म्हणाले, "ते लक्ष्मीचं पद आहे बघ भीमसेनांचं. त्याचा अर्थ काय रे?"

मी एकेक शब्द फोडून सांगितला. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं होतंस. इतकी वर्षं नुसतंच म्हणत बसलो." त्यानंतर ते पद ते बरोबर शब्दांनी म्हणायचे. चळवळीच्या सभेलाही शेवटपर्यंत जात होते. एकामुळे दुसऱ्यात काही खोट आली असं मला कधी दिसलं नाही. बाबा २०१९ साली गेले. चांदोबा त्याच्या आधीच, २०१३ साली बंद पडला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ही खरी यादी सांगितली. कागद कुणाचा हे मला माहीत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. सगळ्या वर्गाकडे बघून म्हटलं, "जी कुणी कोरियन शिकते आहे, तिने घरी एकदा सांगून टाकावं. आईला एखादं गाणं ऐकवावं आणि अर्थही सांगावा. माझ्यासारखी बावीस वर्षं लावू नयेत."

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मान खाली घातली आणि वहीत काहीतरी लिहू लागली. कुठल्या लिपीत ते मला दिसलं नाही.