घसरलेल्यांचा भाव

आमच्या निफाडचे नाव वर्तमानपत्रात ठळक येते ते थंडीत. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की वार्ताहरांना आमची एकदम आठवण होते आणि शेकोटीभोवती बसलेल्या चार म्हाताऱ्यांचा फोटो झळकतो. (तीन हिवाळे एकच फोटो चालला, त्यातले एक आजोबा मध्यंतरी वारलेसुद्धा.) पारा पुन्हा चढल्याची बातमी मात्र कोणी छापत नाही.

दत्तू भोकनळचेही तेच झाले. दत्तू तसा शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. पण पोरगा ऑलिंपिकला गेला की शेजारचा तालुकाही आपलाच होतो. वडिलांबरोबर विहिरी खणणारा हा मुलगा सैन्यात गेला, तिथे वल्ही मारायला शिकला आणि २०१६ साली रिओला तेरावा आला. गंमत बघा, नांदूरमध्यमेश्वरचे एवढे पाणी आमच्या उशाशी, आणि आम्ही त्यात फक्त पक्षी उतरवून घेतले. नौकानयनपटू निघाला तो पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या गावातून!

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो सगळ्यांच्या मागे राहिला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या होडीत त्याने सुवर्णपदक मिळवले. तरी मार्च २०१९ मध्ये नौकानयन महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. एकेरीत त्याने मुद्दाम होडी थांबवली, हा आरोप. आपली तब्येत बरी नव्हती, हे त्याचे म्हणणे.

त्या दिवशी आमच्या सलूनमध्ये काय ती न्यायसभा भरली! आंघोळीच्या बादलीपलीकडे पाण्याशी ज्यांचा संबंध नाही, ते वस्तऱ्याखालून मान न हलवता दत्तूच्या वल्ह्यांतल्या चुका काढत होते.

"गुरुजी, गडी थांबलाच कसा, म्हणतो मी!" अण्णा गरजले. अण्णांची स्वतःची स्कूटर बाजारपेठेतून स्टँडपर्यंत तीनदा थांबते, आणि दर वेळी तब्येतीचेच कारण असते.

जानेवारी २०२० मध्ये महासंघाने बंदी उठवली. ऐन उमेदीचे दहा महिने गेले होते. आमच्या घरच्या पेपरात ही बातमी आतल्या पानावर, द्राक्षांवरच्या औषधाच्या जाहिरातीखाली, सहा ओळींत बसवलेली. त्याच सुमारास नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, तेव्हा पक्ष्यांना पहिल्या पानावर रंगीत फोटो मिळाला. पक्ष्यांशी माझे वैर नाही. पण बंदीच्या बातमीला जेवढी जागा दिली, त्याच्या निम्मी तरी सुटकेला द्यायला कागद कमी पडला होता काय?

मी तो पेपर मुद्दाम सलूनमध्ये नेला आणि अण्णांना त्या सहा ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या.

"असं? उठली का?" अण्णा म्हणाले. "बरं झालं. पण गुरुजी, गडी तेव्हा थांबला कशाला होता?"

टोकियोचे ऑलिंपिक पुढे २०२१ मध्ये झाले. नौकानयनात भारताची होडी होती. दत्तू तीत नव्हता. मी तो पेपर परत मागितला, तोवर सलूनवाल्याने त्याच पानाचा तुकडा फाडून त्यावर अण्णांच्या दाढीचा फेस पुसला होता.