मायक्रॉनचा हिशेब

धुऊन कोरडी केलेली गाडी सावलीत उभी केली की मी एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवतो. सुटे भाग ज्यात बांधून येतात तसली. मग बोनेटवरून बोटं अलगद फिरवतो. उघड्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीआडून कळतं. कातडी रंगाला जराशी धरते, अडते, आणि त्या अडण्यात बारीक कण हरवून जातात. प्लॅस्टिक घसरतं, म्हणून वाटेतला एकेक कण बोटाला लागतो. डोळ्यांना लख्ख दिसणारी गाडी हाताला खरखरीत निघते. मालक शेजारी असतील तर पिशवी त्यांच्याही हातात देतो. "अहो, आत्ताच तर धुतलीत ना?" असं बहुतेक जण विचारतात. धुतली, पण ही खरखर धुण्यानं जाणारी नसते.

तिच्यात बरंच काही असतं. ब्रेक दाबला की डिस्क झिजते आणि लोखंडाचा तापलेला भुगा उडतो. तो आपल्या गाडीवर बसतो, मागच्या गाडीवर बसतो, रंगात रुततो आणि पावसाळ्यात तिथल्या तिथे गंजतो. पांढऱ्या गाडीच्या मागच्या दारावर नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. रेल्वेलाइनीलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर ते जास्त असतात. सोसायटीच्या ग्रिलला स्प्रे मारताना उडालेले तुषार असतात, डांबर असतं. आंब्याखाली लावलेल्या गाडीवर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो आणि वेळेवर धुतला नाही तर त्यावर काळी बुरशी धरते. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेल्या गाडीवर क्षारांची वर्तुळं राहतात. गाडी कुठे उभी असते, हे मालकानं सांगायच्या आधी पुष्कळदा रंगावरूनच कळतं.

लोखंडासाठी आधी औषध मारतो. त्यात थायोग्लायकोलेट असतं, केस कुरळे करायच्या लोशनमध्ये असतं त्याच जातीचं, म्हणून वासही तसाच उग्र. ते लोखंडाला भिडलं की जांभळं होतं आणि दारावरून जांभळे ओघळ येऊ लागतात. मालक घाबरतात, पण रंगाला काही होत नाही, विरघळतं ते लोखंड. औषध अंगावर वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचं. मग डांबराचे डाग काढायचे. आणि त्यानंतर क्ले.

क्ले बारला आमच्याकडे नुसतं क्ले म्हणतात. कृत्रिम, लवचीक द्रव्यात अपघर्षकाची अतिशय बारीक पूड मिसळून ती बनते. जपानमध्ये तादाओ कोदाते यांनी ती घडवली आणि १९९०च्या दशकात त्यांना तिची अमेरिकी पेटंटं मिळाली. तिच्याआधी असे कण काढायचे तर कंपाउंड घासण्यावाचून उपाय नव्हता. म्हणजे रंगावर बसलेला कण काढण्यासाठी रंगच खरवडायचा. क्लेनं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. ती रंगाच्या पातळीवरून सरकते आणि त्या पातळीच्या वर जे डोकं काढून आहे ते उचलते. माझ्या मते गेल्या काही दशकांत गाडीच्या रंगासाठी इतकी शहाणी वस्तू दुसरी आलेली नाही.

वडीतून तीन-चार बोटांखाली मावेल एवढा तुकडा तोडायचा, कोमट पाण्यात धरून मऊ करायचा आणि मळून चपटा करायचा. पॅनेलवर शॅम्पूचं पाणी भरपूर. यात काटकसर करायची नाही, कारण क्ले पाण्याच्या त्या थरावर तरंगत चालायला हवी. दाब जवळजवळ नसतोच, हाताचं वजनही पूर्ण टाकायचं नाही. सरळ रेषेत पुढेमागे, हातभर लांबीत. सुरुवातीला क्ले अडखळते, सुर्र असा बारीक आवाज येतो. तो हळूहळू कमी होतो, हाताखालची पकड सुटत जाते, आणि एका क्षणी क्ले नुसती वाहायला लागते. तिथे थांबायचं. तुकडा उलटा करून बघितला तर त्यावर तपकिरी काळसर रेघा उमटलेल्या असतात. घडी घालायची, पुन्हा मळायचा, स्वच्छ बाजू वर आणायची. पॅनेल बदलला की बाजू बदलायची. जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा वापरायचा नाही, मग तो कितीही नवा असो. एक वाळूचा कण त्यात रुतला की पुढच्या प्रत्येक हातात एक चरा उमटत जातो.

नवी मुलं कामाला येतात तेव्हा मशीन कधी मिळेल याची वाट बघत असतात. मी त्यांना बरेच दिवस क्लेवरच ठेवतो. डोळे मिटून पॅनेल तपासायला लावतो. "कुठे राहिलंय?" म्हणून विचारतो. दाराच्या खालच्या पट्टीत, चाकाच्या कमानीमागे, डिकीच्या हँडलखाली नेमकं राहिलेलं असतं. ज्याला हातानं ते सापडतं, त्याच्या हातात पुढे मशीनही नीट राहतं.

क्लेनं चरे मात्र जात नाहीत. उन्हात काळ्या गाडीच्या बोनेटवर सूर्याभोवती गोल गोल बारीक चरे दिसतात. लोकांना वाटतं, कोणीतरी गोल फडकं फिरवलं. खरं तर ते चरे सगळ्या दिशांना, वेडेवाकडे असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या दिशेला आडवे पडतात तेवढेच आपल्या डोळ्यांकडे उजेड परतवतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ झाल्याचा भास होतो. टॉर्च सरकवला की वर्तुळही सरकतं. हे मी मालकांना मुद्दाम करून दाखवतो, कारण त्याशिवाय दोष उगाच कोणाच्या तरी माथी जातो. बहुधा पहाटे एक बादली आणि एक फडकं घेऊन सोसायटीतल्या सगळ्या गाड्या पुसणाऱ्या माणसाच्या. त्याला ज्या पैशांत आणि जेवढ्या पाण्यात काम करायला लावलं जातं, त्यात दुसरं काही होणं शक्य नाही. मी सांगतो, त्याला आपल्या गाडीसाठी दोन वेगळी मायक्रोफायबर फडकी द्या, दुसरी बादली द्या, आणि कोरड्या धुळीवर फडकं मारू नका म्हणून सांगा. पॉलिशच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

चरे घालवायला पॉलिश लागतं, आणि पॉलिशबद्दल घट्ट बसलेला एक समज आहे की बाटलीतून काहीतरी गाडीला लावलं जातं आणि ते चमकतं. लाकडी कपाटाला चपडा लाखेचं पॉलिश करतात तेव्हा खरोखरच थरावर थर चढतो. गाडीचं उलटं आहे. चरा म्हणजे खड्डा. तो भरत नाही, त्याच्या भोवतीची जमीन खाली आणावी लागते. पॉलिशमधली अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड तेवढंच करते. कडा बोथट होतात, पृष्ठभाग सपाट होतो, उजेड विखुरण्याऐवजी सरळ परततो. ती चकाकी रंगाचीच असते. आपण वरून काही घातलेलं नसतं, थोडं काढून नेलेलं असतं.

किती काढायला आहे, हे कळलं की हात आपोआप जपून चालतो. आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, मग प्रायमर, मग रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी किंवा त्याहून जराशी जास्त जाडी. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपण ज्यावर काम करतो तो एवढाच. हलकं पॉलिश त्यातला एखाद-दुसरा मायक्रॉन घेतं, कडक कंपाउंड त्याहून बरंच जास्त. क्लिअर कोटमध्ये उन्हापासून रंग राखणारी द्रव्यं असतात. थर फार पातळ झाला की काही उन्हाळ्यांनी टपावर पांढुरके डाग पडतात आणि पापुद्रे सुटू लागतात. अशा गाड्या रस्त्यावर रोज दिसतात. तिथे कोणतंही पॉलिश चालत नाही, पुन्हा रंगच द्यावा लागतो.

मी ज्यांच्याकडे शिकलो ते उस्ताद पुण्यात नाना पेठेच्या बाजूला डेंटिंग-पेंटिंग करायचे. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी यायच्या, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या, मूळ रंगाच्या. त्या रंगावर क्लिअर कोट नव्हता, रंग हाच वरचा थर. उन्हानं तो मरायचा, लाल गाडी गुलाबी पडायची, बोट फिरवलं की भुकटी लागायची. उस्ताद मशीन लावत नसत. आधी तेलकट ग्लेझ चोळून रात्रभर मुरू देत, सकाळी पुसून पुन्हा लावत, आणि मग सुती फडक्यानं हातानं पॉलिश. फडकं लाल व्हायचं. आधी फिका, मेलेला लाल, मग हळूहळू गडद. गडद लाल दिसला की ते हात उचलत. मी बोनेटकडे टक लावून बघत असे, तर ते म्हणायचे, "गाडीकडे नको, फडक्याकडे बघ."

आजच्या गाडीत फडक्यावर काही येत नाही. क्लिअर कोट पारदर्शक, त्यामुळे पॅडवर पांढरट कीट तेवढं दिसतं, आणि ते पॉलिशचं किती नि थराचं किती हे सांगता येत नाही. गाडी प्रत्येक वेळी अधिक सुंदर होऊन बाहेर जाते. मालक खूश, कारागीर खूश, आणि गेलेला थर कोणालाच दिसलेला नसतो. मला या धंद्यातली सर्वांत मोठी जबाबदारी इथे वाटते. उस्तादांच्या काळी नुकसान फडक्यावर दिसायचं, मालकालाही दिसायचं. आता ते फक्त मशीन धरणाऱ्याला ठाऊक असतं, तेही त्याला जाणून घ्यायचं असेल तर.

म्हणून मीटर. पत्र्यावर टेकवला की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतो. आमच्याकडे असतो तो साधा मीटर एकूण आकडाच सांगतो, त्यात क्लिअर कोट किती हे अंदाजानं धरावं लागतं, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तो मुकाच. तरी त्याच्यावाचून मी मशीन चालू करत नाही. प्रत्येक पॅनेलवर चार-पाच ठिकाणी घेतो. एका दारावर २५० आला तर ते दार पुन्हा रंगवलेलं असतं. जुनी गाडी "एकही धक्का न लागलेली" म्हणून घेतलेल्या माणसाला हे सांगणं जड जातं, पण सांगतो. कामासाठीही ते लागतं, कारण गॅरेजमध्ये दिलेला रंग कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला नसतो आणि पुष्कळदा मऊ असतो.

मग हातभर जागेत चाचणी. सर्वांत सौम्य पॉलिश, सर्वांत मऊ फोम. तेवढ्यानं भागलं तर पुढे जायचं नाही. नाही भागलं तर एक पायरी वर. थेट लोकरीचा पॅड आणि कंपाउंड घेऊन सुरुवात करणं म्हणजे गरज न बघता काढून टाकणं. मी ड्युअल अ‍ॅक्शन मशीन वापरतो. त्याचा पॅड गोल फिरता फिरता हेलकावतोही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन उस्ताद हातात असेल तर जलद आणि चांगलं काम करतं. घाईत चालवलं तर उन्हात सरकणारे पट्टे सोडतं. पत्र्याच्या उभ्या कडांवर थर सर्वांत पातळ आणि पॅडचा दाब सर्वांत जास्त, म्हणून तिथे चिकटपट्टी लावतो. आणि खोल चरा, ज्यात नख अडकतं, तो तसाच ठेवतो. कडा मऊ केल्या की तो निम्मा नजरेआड होतो. उरलेल्या निम्म्यासाठी त्याच्या आजूबाजूचा सगळा थर द्यायचा, हे मला पटत नाही.

ग्लेझनं आणि वॅक्सनं चरे झाकताही येतात. तेल चऱ्यांत भरतं, गाडी झगमगते, आणि काही धुण्यांनी सगळं परत वर येतं. म्हणूनच पॉलिश झाल्यावर पॅनेल आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून बघतो. चरा खरोखर गेला की तेलाखाली लपला, ते तेव्हा कळतं. झाकण्यात गैर काही नाही, झाकलंय हे न सांगण्यात आहे.

अलीकडे एक काका आले. मुलीचं लग्न, आठ वर्षांची काळी सेडान, दर दिवाळीला कुठे ना कुठे रबिंग करून घेतलेली. दारांवर मीटर ११०च्या आसपास, बोनेट आणि टपावर ८०च्या खाली. दिसणारा भाग तोच, म्हणून दर वर्षी सगळ्यांनी तिथेच जोर लावलेला. मी म्हटलं, "काका, दारांना मशीन लावतो. बोनेटला आणि टपाला नाही."

"अरे, पण लोक बघणार बोनेटच ना!"

त्यांना पिशवी दिली, बोनेटवर हात फिरवायला लावला, मीटर दोन्हीकडे टेकवून दाखवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग आता?" बोनेटला आणि टपाला क्ले केली, वर हातानं ग्लेझ आणि वॅक्स. स्वच्छ सांगितलं की हे झाकलेलं आहे, लग्न पार पडेल, नंतर चरे पुन्हा दिसतील. त्यावर दर तीन महिन्यांनी वॅक्स, वर्षातून एकदा क्ले, आणि शक्यतो सावलीत उभी करणं, एवढंच करायचं. पॅनेलवार आकडे तारीख घालून एका कार्डावर लिहिले आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. पुढे जो कोणी या गाडीला मशीन लावू म्हणेल त्याला आधी ते कार्ड वाचायला द्या, असं काकांना सांगून ठेवलं आहे.