आत्याचं नाव कमी कसं करायचं?

शनिवार सकाळ. चहाचा दुसरा कप, रूममेट अजून झोपलेला, बाहेर रिपरिप. म्हणजे लिहायला एकदम योग्य वेळ. गेले चार-पाच शनिवार काहीच लिहिलं नाही, कारण मध्यंतरी मी वकील झालो होतो :) डिग्री नाही, सनद नाही, नुसतं ब्रॉडबँड.

तर झालं असं. पुण्यात नोकरीला लागून सहा वर्षं झाली. घरभाडं दर अकरा महिन्यांनी वाढतं, पगार आपल्या सोयीने वाढतो. म्हटलं घेऊन टाकू एक टू बीएचके, वाकडच्या पुढे कुठेतरी. आता इंजिनियर माणूस फ्लॅट घेणार म्हटल्यावर आधी काय करणार? एक्सेल उघडणार. चौदा कॉलमची शीट केली. रेरा कायदा २०१६ चा, आपल्याकडे तो १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला, आणि महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की पुष्कळ काही दिसतं. मंजूर नकाशे, ताबा द्यायची तारीख, बिल्डरवर चालू असलेले खटले, जमिनीच्या टायटलबद्दल वकिलाने दिलेला रिपोर्ट. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, रजिस्टर करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, विक्री कार्पेट एरियावरच.. हे सगळं मला पाठ झालं होतं. ऑफिसात लंचला मी कोणालाही पकडून ऐकवायचो.

बिल्डरच्या जमिनीचं टायटल मी तीन वेळा तपासलं. डाउन पेमेंट ज्या जमिनीतून येणार होतं, तिचं एकदाही नाही.

बारा लाख कमी पडत होते. आण्णा म्हणाले, "दोन एकर काढू." आमची आठ एकर जमीन परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, दुधनेच्या अंगाला. कापूस, सोयाबीन, मधे तुरीचं पाटं. (कॉलेजात मित्र चिडवायचे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. जमली तर जमली, नाहीतर आहेच परभणी! पुण्यात फ्लॅट घ्यायची वेळ आली तेव्हा खरंच परभणीच कामाला आली.) गिऱ्हाईकही मिळालं. पण त्याच्या वकिलाने सातबारा बघितला आणि 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे माझ्या आत्याचं नाव होतं.

रात्री आण्णांचा फोन. "अक्का सही करंल रे. तिला कुठं नको म्हणता येतंय. तू फक्त इंटरनेटवर बघ, नाव कमी करायला काय काय लागतंय ते."

बघितलं. गूगलमध्ये मी टाइप केलं: 'बहिणीचे नाव सातबाऱ्यावरून कमी कसे करावे'. मराठीत! आणि काय सांगू, इतकी पानं, इतके व्हिडिओ. हक्कसोड पत्राचा मसुदा तयार, फक्त नावं भरायची. नोंदणी केलेलं पत्रच चालतं, शंभराच्या स्टॅम्पवरचं नोटरीचं कागद चालत नाही. मग तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, मग नोटिशीची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायची सूचना वाचावी इतकं सोपं. एकाही पानाने मला विचारलं नाही की बाबा रे, बहिणीचं नाव तिथे आलं का होतं?

अर्थात ते पान तरी का विचारेल? मी जे विचारलं त्याचं उत्तर मला मिळालं.

दुसऱ्या शनिवारी जरा खोलात गेलो. (सवय. एरर गेली तरी का गेली हे कळल्याशिवाय झोप लागत नाही.) म्हटलं, आत्याचा मुळात हक्क आहे तरी का? आणि पहिल्याच पानावर आनंदाची बातमी! महाराष्ट्राने १९९४ मध्येच वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. आत्याचं लग्न १९८२ चं. संपलं!

पुढे वाचलं तर २००५ ची केंद्राची दुरुस्ती. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू, आणि तिच्यात लग्नाची ती अट नाही. जरा घाबरलो. पण मग सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा प्रकाश विरुद्ध फुलावती निकाल सापडला: २००५ मध्ये वडील हयात असतील तरच मुलीला हा हक्क. आजोबा गेले १९९८ ला. पुन्हा संपलं!

खरं सांगतो, त्या रात्री मी आण्णांना व्हॉट्सअ‍ॅप टाइप केला होता. 'आत्याचा हक्क बसत नाही. निवांत रहा.' पाठवायच्या आधी त्या लेखाची तारीख बघितली. २०१६. आम्ही लोक कुठल्याही उत्तराखाली आधी व्हर्जन बघतो. जुन्या व्हर्जनचं उत्तर नव्यावर चालवलं की प्रोडक्शन झोपतं. म्हणून शोधात वर्ष घालून परत बघितलं आणि ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल समोर आला. तीन न्यायमूर्तींचं पीठ. मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, फुलावतीतलं ते म्हणणं रद्द. अपवाद एकच महत्त्वाचा: २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने खरीखुरी वाटणी झालेली असेल तर ती मोडता येत नाही. तोंडी वाटणी झाली होती असं नुसतं म्हणून भागत नाही.

मेसेज डिलीट केला. एक्सेल उघडलं.

आठ एकर. आजी आजोबांच्या आधीच गेलेली. वारस दोनच, आण्णा आणि आत्या. जुन्या नियमाने आजोबा गेले तेव्हा बापलेकांत वाटणी झाली असं धरायचं, म्हणजे आजोबांचे चार आणि आण्णांचे चार. मग आजोबांचे चार दोन्ही लेकरांत सारखे, कारण १९५६ च्या कायद्यातही बापाच्या वाट्यात मुलगी वारस आहेच. आण्णा सहा, आत्या दोन. नव्या निकालाने बाप, लेक आणि लेकी तिघांचे सारखे वाटे, मग बापाचा वाटा दोघांत. चार आणि चार. जमीन आजोबांनी स्वतः कमावलेली असती तरी चार आणि चारच.

म्हणजे ज्या नियमात आत्याला काही नाही असं मी खुशीत वाचलं होतं, त्या नियमातही तिचे दोन एकर होतेच. आणि आम्ही विकायला काढले होते तेही दोनच एकर.

तिसऱ्या शनिवारी परभणीला गेलो. ओळखीतल्या एका वकिलांना एक्सेल दाखवलं. ते हसले. "निकाल वाचलात, चांगलं केलं. कागद वाचलेत का?" नव्हते वाचले. ऑनलाइन सातबारा आजचा असतो. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, छान आहे, पण त्यावर नाव दिसतं, नावाचा इतिहास दिसत नाही. तो फेरफारात असतो, आणि आमच्याकडे त्याच्याही मागे १९५४-५५ चं खासरा पत्रक. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे आमच्या कायद्याचाही पाया वेगळा. पुण्यातल्या लोकांनी लिहिलेल्या पानांवर कुळकायदा म्हणजे १९४८ चा, कलम ६३ वगैरे. मी तेच घोकून गेलो होतो. मराठवाड्याला तो लागूच नाही, इथे हैदराबाद कुळवहिवाट कायदा १९५० चा. वकीलसाहेबांनी हे एका वाक्यात सांगितलं. मी तीन तास घालवले होते.

आणि अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली. सातबारा ही मुळात महसुलाची नोंद. त्यावर नाव चढल्याने कोणी मालक होत नाही आणि 'इतर हक्कात' ढकलल्याने कोणाचा वाटा संपत नाही. पूर्वी बहिणींची नावं त्या रकान्यात टाकायची रीतच होती म्हणे.

नकला काढल्या. खासऱ्यात पणजोबांचं नाव. म्हणजे वडिलोपार्जित. रजिस्टर वाटणी कुठेच नाही. माझा शोध तिथे संपला. आता फक्त एक माणूस उरला होता, ज्याला या सगळ्यातलं काहीच कोणी विचारलेलं नव्हतं.

रविवारी एसटीने गंगाखेडला गेलो. आत्याने भाकरी टाकल्या, ठेचा, वर दही. मी बॅगेतून कागद काढले तर तिला वाटलं हक्कसोडच आणलंय.

"कुठं करायची सही सांग. पेन हाय का?"

"आत्या, आधी ऐक तरी."

"काय ऐकायचं? भावाच्या घरी दिवाळीला जायचंय का नाही मला? सह्या न करणाऱ्या बायांचं माहेर कसं तुटतंय ते बघितलंय मी. आमच्या गल्लीत तीन हायेत."

मग मी सांगितलं. आठातले चार तुझे. मी पुण्यात बसून वाचलंय, परभणीत विचारून आलोय. ती बराच वेळ काही बोलली नाही. तव्यावरची भाकर करपली. (आत्याची भाकर करपलेली मी पहिल्यांदा बघितली.) मग तिने दोनच गोष्टी विचारल्या. एक, हे आण्णाला माहीत आहे का? नाही म्हटलं. दुसरी, तिचं नाव नेमकं कुठे लिहिलंय ते दाखव.

मोबाइलवर सातबारा उघडून रकाना दाखवला. चष्मा लावून तिने स्वतःचं नाव वाचलं.

"असं कोपऱ्यात कशाला टाकलंय? मी बी त्याच बापाची लेक हाय की."

निघताना दारात म्हणाली, "मला शेत घेऊन काय करायचंय, लेकरा. पण मला विचारायला पाहिजे होतं का नाही? नाव आधी वर घ्या, भावाच्या शेजारी. मग सहीचं बघू. आणि तुला फ्लॅटला विकायचेच असतील दोन एकर, तर तुझ्या बापाच्या चारातले विका."

आण्णांना सांगितलं त्या रात्री स्फोट झाला. "तुला इंजिनियर केलं ते ह्याच्यासाठी? नाव कमी करायला सांगितलं, तू वाढवून आलास!" त्यांचंही सगळं खोटं आहे असं मला म्हणवत नाही. आजोबांचं कर्ज त्यांनी फेडलं, विहीर त्यांनी खोदली, आत्याच्या दोन्ही मुलींच्या लग्नात उभे राहिले, आणि १९९८ पासून आजवर पाऊस पडो न पडो, ते रान त्यांनीच कसलं. माझ्या एक्सेलमध्ये त्याला कॉलम नव्हता. हिशोब करायला बसलं तर तो होईलही, पण भावाबहिणीने समोरासमोर बसून करायचा हिशोब आहे तो. मी गूगल करून होणार नाही.

आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं. फ्लॅटची बुकिंगची मुदत त्यात निघून गेली. भाडं भरतोय, अकरा महिन्यांचा करार परत केला. वाईट वाटलं, नाही असं नाही. शीट अजून डेस्कटॉपवर आहे.

परवा रात्री आण्णांचाच फोन आला. पाऊस झाला का, जेवलास का, असं इकडचं तिकडचं. मग मधेच, "तो दोन हजार वीसचा निकाल, तो मराठीत मिळतोय का? मोठ्या अक्षरात काढून आण. मी वाचतो आधी. मग अक्काकडं जाऊ."

'जाऊ' म्हणाले. एकटा जातो म्हणाले नाहीत, तू जा म्हणाले नाहीत.

माझ्याकडचा निकाल इंग्रजीत आहे आणि भलताच लांब आहे. त्यामुळे आजचा शनिवार त्याचं दोन पानांत सोप्या मराठीत सार लिहिण्यात जाणार. अठरा पॉइंटच्या फॉन्टमध्ये. 'सहदायाद' या शब्दाला आण्णांना कळेल असा शब्द अजून सापडलेला नाही. 'जन्मापासूनचा वाटेकरी' लिहिलंय तूर्तास. कोणाला बरा शब्द सुचला तर सांगा.

आणि हो, मी वकील नाही. तुमच्या घरचा असा काही कागद असेल तर माझ्या भरवशावर राहू नका, नीट वकिलाला विचारा. त्याच्या आधी आत्याला विचारा.

असो. रूममेट उठला. तिसरा चहा टाकतो.